पात्याची सावली

पहाटे डालगं उचललं की
पहिली बाहेर येते लंगडी,
मग काबरी, मग उलट्या पिसांची,
शेवटी कोंबडा, स्वतः उशिरा उठून
गाव मीच उठवलं म्हणणारा.
मी मोजते. अकरा.
रात्री झाकताना अकरा, सकाळी उघडताना अकरा.
एवढा एकच हिशोब माझा रोज जुळतो.

शिळ्या भाकरीचा कुस्करा, मूठभर कण्या,
फुटक्या तव्यात पाणी.
परड्यात शेवग्याखाली माती अशी उकरतात
की काल रात्री कुणी तिथं
यांचंच काही पुरून ठेवलंय.
उलट्या पिसांची अंडं घालते सरपणात.
एकदा तिनं ह्यांच्या हेल्मेटमध्ये घातलं,
कंपनीचं नाव लिहिलेल्या, पिवळ्या.
हे कामाला निघाले, डोक्यावर घालायला गेले,
तर आत ऊब.

पुसेसावळीच्या बाजारात पंधराला एक.
शहरातनं आलेली बाई विचारते,
गावरानच कशावरून?
मी म्हणते, धुतलेलं नाही, बघा की.

हे वर डोंगरावर, पवनचक्कीच्या पायथ्याला
रात्रपाळीचे वॉचमन.
थंडीत दिवस कलला की
त्याच पवनचक्कीची पाती लांब होत होत
खाली आमच्या परड्यात उतरतात,
भिंतीवरून, उकिरड्यावरून, वाळत घातलेल्या लुगड्यावरून
एकामागं एक जातात. सप. सप.
आवाज नसतो, तरी मला ऐकू येतो.

पहिल्या वर्षी कोंबड्या येड्या झाल्या.
दर सावलीला कर्रर्र करून
सगळ्या कडब्याच्या बुचाडाखाली.
अंडी आटली.
नकुसाआत्या म्हणाली, घारीचं भ्या पोटात बसलंय,
अंड्याला जागा कुठली?
मी ह्यांना म्हटलं, तुमच्या पंख्याला सांगा,
सांजचं तासभर थांब म्हणावं.
हे म्हणाले, तो माझं ऐकत असता
तर मी तिथं राखणीला असतो का?

दुसऱ्या वर्षी शिकल्या.
सावली पाठीवरून जायची
आणि चोच दाण्यातच.
काबरी खुडूक झाली, बारा अंड्यांवर बसवली,
तीन गार निघाली, नऊ फुटली.
ती नऊ त्या सावल्यांतच वाढली.
त्यांना वाटत असेल, ऊन असंच असतं,
तुकड्यातुकड्यानं येणारं.

मग एका संध्याकाळी
तिसऱ्या का चौथ्या पात्यामागून
आणखी एक सावली आली,
जरा लहान, जरा घाईची.
कुणी मान वर केली नाही.
मीही नाही. मी तांदूळ निवडत होते.
लंगडी तेवढी ओरडली,
आणि तोवर काबरी पंख फुगवून
रिकाम्या हवेवर धावून गेली होती.

आठ.
पुन्हा मोजली. आठ.

नकुसाआत्या आली, विचारलं,
गेली ती तलंग होती का कोंबडा?
एवढ्याशा पिलाचं काय कळतंय, आत्या.
तलंगच असणार, ती म्हणाली,
कोंबडा काय, जत्रेला जायचाच होता.
तलंग गेली म्हणजे घर गेलं की गं.
ही घरातली चौथी पोर.
आईबापानं हिचं नाव नकुसा ठेवलेलं.
बराच वेळ ती पायरीवर बसून राहिली,
काबरीकडं बघत.

काबरीचं काय, दुसऱ्या दिवशी
तीच जागा उकरत होती,
सावल्या पाठीवर घेत, खाली मान घालून.
भ्यायचं काम आता माझ्याकडं आलंय.
प्रत्येक पात्याला मी वर बघते,
तांदळातले खडे तसेच राहतात,
जेवताना ह्यांच्या दाताखाली येतात,
हे काही बोलत नाहीत.

रात्री नऊला वरनं फोन येतो.
किती?
अकरा आणि आठ.
झाकलं का नीट? वर दगड ठेवलास?
ठेवला.
मग दोघंही गप्प.
ह्यांच्या मागं तो पंखा
अंधारात, कुणावरही सावली न पाडता,
हूं... हूं... करत राहतो.